वाचताना गाळलेलं

२ डिसेंबर

धाकट्यास,

आशीर्वादाने सुरुवात करायची सवय मोडली आहे, तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो. सप्टेंबरपासून पाठवलेली तुझी चारही पत्रं पोचली. पाकिटावर बाबांचं नाव असतं, पण बाबांना आता दुकानावरची पाटीसुद्धा वाचता येत नाही. उजेड कुठल्या खिडकीतून येतोय एवढं कळतं, बस्स. त्यामुळे तुझी पत्रं मीच फोडतो आणि मीच त्यांना वाचून दाखवतो. तू गेल्यापासून आठ वर्षं या घरातलं सगळं मीच करतोय, त्यात हे आणखी एक.

नाताळला घरी येऊ का, असं तू बाबांना विचारलंयस. 'तुम्ही बोलावलंत तरच येईन, आपणहून यायचा हक्क मी घालवलाय' असंही लिहिलंयस. तर ऐक. या वर्षी नको. बाबांची छाती नाजूक झाली आहे. आठ वर्षांनी तू एकदम दारात उभा राहिलास, तोही तसा हात घेऊन, तर त्यांना सोसणार नाही. शिवाय जागा तीच, दोन खोल्यांची. आतल्या खोलीत बाबा, बाहेरच्या खोलीत मी आणि तुझी वहिनी. तुला झोपवायचं कुठे, टेबलाखाली?

बाबांना मी सगळं विचारलं. त्यांचंही हेच म्हणणं पडलं.

हाताचं वाचून वाईट वाटलं. उजव्या हाताची तीन बोटं म्हणजे काही थोडंथोडकं नाही. डाव्या हाताने लिहितोस म्हणून अक्षर असं बालवाडीतल्यासारखं आलंय, एका ओळीत चारच शब्द मावतात. पण बाकीचं वाचून, खरं सांगू, मला हसू आलं. यंत्रात हात सापडला, कारखान्याने काढून टाकलं, सहा जणांत एक खोली, गेल्या नाताळला हॉस्पिटलात भेटायला कुत्रंही फिरकलं नाही, आणि तुझ्या पत्रात दर तिसऱ्या ओळीला आनंद! 'बाबा, मला देव भेटला' म्हणे. अरे, तू तोच ना, ज्याने ऐन नाताळच्या दिवशी, बाबा जेवणाआधीची प्रार्थना करत असताना म्हटलं होतं की छताशी बोलणं पुरे करा, जेवण गार होतंय? बाबा म्हणाले, चालता हो. आणि तू खरंच चालता झालास.

असो. थंडीत हात शेकत जा.

दादा


१० डिसेंबर

धाकट्यास,

तुझं उत्तर आलं. एकच ओळ. 'बरं दादा, तू म्हणशील तसं. बाबांना सांभाळ.' यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं. लहानपणी माझ्या हातातली पेन्सिलसुद्धा तू बोचकारल्याशिवाय घ्यायचा नाहीस. हा समजूतदारपणा कुठून आणलास? आणि आणलास तर आणलास, मला पोस्टाने पाठवायचं काय कारण होतं? दोन दिवस माझं जेवणात लक्ष नाही.

आता मीही तुला दोन गोष्टी ऐकवतो.

बाबा रोज संध्याकाळी खाटेच्या काठावर बसून मोठ्याने प्रार्थना करतात. आम्ही दोघं समोर बसतो. पहिला नंबर तुझा. 'माझा धाकटा जिथे असेल तिथे त्याला सांभाळ, त्याला तुझी ओळख पटू दे.' आठ वर्षं, एकही दिवस खाडा नाही. मग तुझ्या वहिनीची कंबर. मग आमच्या चर्चच्या पाळकांचा खोकला. मग खालच्या मजल्यावरच्या न्हाव्याचा जावई, ज्याला मी आजतागायत पाहिलेलं नाही. आणि शेवटी, 'घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद दे.' त्या सगळ्यांमध्ये मी. मागे एकदा तापाने फणफणलो होतो, तेव्हा वर सरकलो होतो, न्हाव्याच्या जावयाच्या पुढे. ताप उतरला तसा परत खाली.

दुसरी गोष्ट. मी अजून त्याच लॅबमध्ये कवळ्या करतो. पण मालकाने आता नवीन यंत्र आणलंय. डॉक्टरकडून तोंडाचा फोटो येतो आणि यंत्र दात कोरून देतं. मेण, प्लास्टर, घासणं, आमचं सगळं चोवीस वर्षांचं कसब आता फक्त अडलेल्या कामांसाठी. मला आठवड्यातून तीनच दिवस बोलावतात. मालक म्हणाला, 'तुमच्यासारखा हात नाही हो कोणाचा.' म्हणजे पुढच्या वर्षी तीन दिवसही राहणार नाहीत, एवढं मला कळतं.

तर उरलेल्या दिवसांत मी बाबांची कवळी करायला घेतली. त्यांची जुनी ऑगस्टमध्ये फुटली. तुला आठवत असेल, नाताळच्या सकाळी चर्चमध्ये पहिलं गाणं बाबांच्याच आवाजात सुरू व्हायचं. दात गेल्यापासून शब्दांत वारा शिरतो, म्हणून ते ओठ मिटून बसतात. मला वाटलं, या नाताळला बाबांना त्यांचं गाणं द्यावं. मी स्वतः त्यांच्या जबड्याचा ठसा घेतला, प्लास्टर ओतलं, मेणात एकेक दात लावला. नऊ दिवस लागले. घरच्या माणसाचं काम, म्हणून समोरच्या एका दाताला जरा तिरकेपणाही दिला, त्यांचा स्वतःचा होता तसा.

काल मेणातली कवळी त्यांच्या तोंडात बसवून पाहिली. ती नीट बसली की नाही हे बघायला आमच्याकडे माणसाकडून साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणवून घेतात. 'स' स्वच्छ निघाला तर पुढचे दात जागेवर आहेत. शिट्टी वाजली तर मेण पुन्हा तापवायचं. बाबा सदुसष्टला अडकले. मी दात केसभर मागे घेतले. मग साठ, एकसष्ट, बासष्ट करत ते सत्तरपर्यंत अडथळा न येता गेले. मी खूश. चार महिन्यांनी त्यांच्या तोंडून धड शब्द निघत होते. आणि सत्तरनंतर त्या दातांतून निघालेलं पहिलं वाक्य काय असेल? 'धाकट्याचं पत्र आलं का रे?'

माझ्या हातात तापलेली सुरी होती. मी ती खाली ठेवली.

मी तुझं नोव्हेंबरचं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पाकिटातले कागद बाहेर काढले, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, 'ही तीन पानं आहेत. त्या दिवशी तू एवढ्यात कसं संपवलंस?' चाळीस वर्षं पुस्तकं बांधलेला माणूस. डोळे गेले, पण बोटं काही गेली नाहीत. मी म्हटलं, 'अक्षर मोठं आहे बाबा, त्याला कागद पुरत नाही.'

आणि यात खोटं काही नाही. अक्षर मोठंच आहे.

दादा


१८ डिसेंबर

धाकट्या,

तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण 'जेवून घ्या' आणि 'दिवा बंद करा' एवढंच.

परवा ती धुलाईखान्यातून लवकर घरी आली. हॉस्पिटलच्या चादरी धुण्याचं यंत्र बंद पडलं होतं. मी बाबांना तुझं पत्र परत वाचून दाखवत होतो, त्यांनीच मागितलं म्हणून. ती दारात उभी राहून ऐकत होती आणि मला पत्ताच नव्हता. नंतर स्वयंपाकघरात मला गाठलं.

'तुम्ही बाबांना काय वाचून दाखवता हो?'

'पत्र.'

'तब्येत बरी आहे, काम चालू आहे, हवा थंड आहे. हवेचं तर भावोजींनी एक अक्षर लिहिलेलं नाही. मी सगळी पत्रं वाचलीत.'

मी म्हटलं, बाबांची छाती नाजूक आहे, हाताचं आणि नोकरीचं ऐकून त्यांना काही झालं तर कोण जबाबदार? म्हणून गाळलं.

'बरं. आणि देवाचं गाळलंत ते कोणाच्या छातीसाठी?'

तिच्या हातात उलथनं होतं. मी कामाचं निमित्त करून बाहेर पडलो आणि दोन रस्ते उगाच फिरून आलो. उत्तर मला माहीत होतं. माझ्या.

तेव्हा आता तुलाही सांगतो. बाबांना तुझा हात माहीत नाही. तुझी नोकरी गेलेली माहीत नाही. तू यायचं विचारलंस तेही माहीत नाही. 'त्यांचंही हेच म्हणणं पडलं' हे मी माझ्या पदरचं घातलं. आणि ज्यासाठी ते आठ वर्षं रोज संध्याकाळी हात जोडतायत ते कधीच झालेलं आहे, हेही माहीत नाही. ते पत्र ऑक्टोबरपासून माझ्या कपाटात, मोज्यांच्या खाली आहे.

मला तुझा हेवा वाटतो. बघ, लिहून टाकलं.

तुझं नशीब काही हेवा करण्यासारखं नाही, हे मला कळतं. पण ते ऑक्टोबरच्या पत्रातलं, नाताळच्या सकाळचं. वॉर्डात सगळ्यांकडे माणसं आलेली, तुझा एक हात पट्टीत, दुसरा सलाइनला बांधलेला, आणि फरशी पुसणारी बाई बादली बाजूला ठेवून तुझ्याजवळ आली. तिने ओला रुमाल घेतला आणि तुझं तोंड पुसून दिलं. कानांमागेसुद्धा. काही बोलली नाही, पुसता पुसता नाताळचं गाणं गुणगुणत होती. 'बाबा, मला वाटलं, हा हात तिचा एकटीचा नाही.' हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल याचा हिशेब नाही. पाठ आहे.

मी एक्केचाळीस वर्षं त्या चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसतोय. गाण्याची पुस्तकं मी वाटतो, मी गोळा करतो. दर शनिवारी दारं पुसतो. उपदेश ऐकताना कधी डुलकी घेतली नाही, आणि आमच्या पाळकांचा उपदेश ऐकताना हे सोपं नाही. पण मला तसं कधी काही वाटलेलं नाही. एकदाही नाही. मी समजत होतो की कोणालाच वाटत नाही, सगळे माझ्यासारखेच सभ्यपणे बसून असतात. आणि तू, छताशी बोलणं पुरे म्हणणारा, तुला एका ओल्या फडक्यात ते मिळून गेलं!

हसू नकोस, पण परवा मी तोंड धुताना करून पाहिलं. ओला टॉवेल घेतला, डोळे मिटले आणि सावकाश पुसलं. कानांमागेसुद्धा. थांबलो. तुझ्या वहिनीने बाहेरून विचारलं, 'डोळ्यात साबण गेला का?'

बाबांना हे कळलं की त्यांचं सगळं मागणं पुरं होईल. त्या आनंदात ते न्हाऊन निघतील, आणि तो आनंद सगळा तुझा असेल. मग प्रार्थनेत तू पहिला असशील ते आभारासाठी. मी जिथे आहे तिथेच. हे मला बघवणार नाही, म्हणून पत्र मोज्यांखाली आहे. हे वाचून तू रागावशील अशी आशा आहे.

दादा


२५ डिसेंबर, दुपारी

धाकट्या,

घाईत लिहितोय, बाहेर माणसं बसली आहेत.

तुझं उत्तर परवा आलं. रागावला नाहीस. 'दादा, बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरव, मी तुझ्यावर सोपवतो' असं लिहिलंयस. तू माझ्या जिवावर उठला आहेस.

आज बाबांनी गाणं म्हटलं. पहिल्या ओळीला त्यांचा आवाज उठला तेव्हा पुढच्या बाकावरची माणसं मागे वळली. एकही शिट्टी नाही. शेजारी उभ्या न्हाव्याने माझ्या पाठीत गुद्दा घातला.

नंतर पाळकांनी विचारलं, कोणाला साक्ष द्यायची आहे का, देवाने तुमच्यासाठी काय केलं ते सांगायचं आहे का. दरवर्षी विचारतात, दरवर्षी दोन म्हाताऱ्या उठतात. आज मी उठलो. तुझं ऑक्टोबरचं पत्र मी गाण्याच्या पुस्तकात ठेवून नेलं होतं. ते उभं राहून वाचलं. बाबा खूप रडले. सगळे रडले. पत्र तुझं आहे हे सांगायचं घाईत राहून गेलं. ते मी सांगेनच.

तुझी वहिनी कप मांडते आहे आणि माझ्याकडे बघत नाही.

दादा


२६ डिसेंबर, सकाळी

धाकट्या,

कालचं पत्र टाकून आलो आणि पोस्टाच्या पेटीत हात घालून ते परत काढता येतं का बघत उभा राहिलो. नाही येत.

घाईत राहून गेलं नाही. काय झालं ते सांगतो.

मी उठलो तो तुझ्यासाठी नाही. वहिनीचं बोलणं बंद, तुझं ते 'तुझ्यावर सोपवतो', यातून सुटायचं होतं. आणि खरं म्हणजे मला वाटलं, बातमी जर सांगायचीच आहे तर अशी सांगू की ती आणणारा मी असेन. चार लोक खांद्यावर हात ठेवतील. म्हणतील, थोरल्याने केवढी बातमी आणली.

उभा राहिलो, कागद उघडला. 'हे माझ्या धाकट्या भावाचं पत्र आहे' एवढं म्हणायचं होतं. ते वाक्य निघेना. दोनदा तोंड उघडलं. सगळे बघतायत. मग मी सरळ पत्रच वाचायला लागलो, मधूनच.

'मला वाटायचं, आपलं आपण निभावतो, कोणाची गरज नाही. मग एका नाताळच्या सकाळी माझ्याने काहीच निभावेना. तेव्हा माझ्याजवळ कोणीतरी आलं. मी बोलावलं नव्हतं. बाळ होऊन येणारा देव म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आपण उठून त्याच्याकडे जाण्याइतके शहाणे होईपर्यंत तो थांबत नाही. बाबा, माझ्याजवळ आज दाखवण्यासारखं काही नाही. पण मी आनंदात आहे. मला माफ करा. इतकी वर्षं तुमच्या प्रार्थनेला मी बाहेरचा होतो, आता आत आलोय.'

हात, यंत्र, वॉर्ड, बादली, सगळं मी गाळत गेलो. मुद्दाम नाही रे. चार महिन्यांची सवय. जिथे बोटांचा उल्लेख आला तिथे डोळे आपोआप पुढच्या ओळीवर गेले. आणि गाळून जे उरलं ते कोणाचंही असू शकत होतं. ते 'मी, मी' म्हणत वाचता वाचता माझा आवाज फुटला. तो खरा फुटला, तेवढं मात्र माझं.

बाबांना कागद दिसत नाही. त्यांना एवढंच कळलं की त्यांचा थोरला उभा राहून बोलतोय.

ते बाक चाचपडत माझ्यापर्यंत आले. माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि भर चर्चमध्ये म्हणाले, 'आलास रे. मला क्षमा कर. मी तुझ्यासाठी कधी मागितलंच नाही. मला वाटलं, तू तर आतच आहेस.'

धाकट्या, मी एक्केचाळीस वर्षं ज्याची वाट पाहत होतो ते हेच होतं. बाबांचे हात माझ्या डोक्यावर. आणि ते तुझ्या पत्राने मिळालं. त्या क्षणी 'बाबा, थांबा' म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. मी त्यांच्या छातीला डोकं लावून उभा राहिलो. लोक रांगेने येऊन माझा हात हातात घेत होते. पाळकांना रडता रडता खोकला आला. तुझ्या वहिनीने बाकावरून कोट उचलला आणि ती बाहेर जाऊन उभी राहिली.

काल संध्याकाळी प्रार्थनेत पहिला नंबर माझा होता. 'माझा थोरला मला दिलास, तुझे आभार.' मला वाटलं होतं, हे ऐकून माझं पोट भरेल. घासही उतरला नाही. कारण दुसरा नंबर तुझा होता. बाबा म्हणाले, 'आता धाकट्यालाही असंच दे.'

ते देवाकडे मागत होते, आणि दिलेलं माझ्या कपाटात होतं.

दादा


२८ डिसेंबर

धाकट्या,

सांगितलं.

काल सकाळी. बाबा खिडकीशी खुर्चीत उन्हाला बसले होते. मी मोज्यांखालची सगळी पत्रं आणली, स्टूल ओढलं आणि म्हटलं, बाबा, मी आता धाकट्याची पत्रं वाचतो, मध्ये थांबवू नका. पहिल्या पत्राच्या पहिल्या शब्दापासून वाचलं. हात, यंत्र, नोकरी, खोली, बाई, रुमाल, देव, येऊ का. काही गाळलं नाही. तास गेला. वहिनी कामावर जायची ती दारात चप्पल घालून तशीच उभी राहिली.

बाबांनी मध्ये एकदाच थांबवलं. 'कुठली बोटं?' मी म्हटलं, उजव्या हाताची, करंगळीपासून तीन. त्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला, माझी तीन बोटं तळहातात दुमडली आणि जे उरलं त्यावरून आपला हात फिरवत बसले. अंगठा आणि पहिलं बोट. बराच वेळ. त्यांच्या छातीला काही झालं नाही. छाती माझीच दुखत होती.

ऑक्टोबरचं पत्र आलं तेव्हा त्यांनी मान वर केली. शब्द ओळखीचे होते ना. मी पुढे वाचत राहिलो. संपल्यावर ते म्हणाले, 'म्हणजे चर्चमध्ये वाचलंस ते त्याचं होतं.'

'हो.'

'आणि तू मला आठ वर्षांत पहिल्यांदा आलेली त्याची हाक ऐकू दिली नाहीस.'

'नाही दिली.'

दुपारी ताट नेलं तर हाताने बाजूला सारलं. मी त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिलो, कारण दुसरीकडे जाऊन करायचं तरी काय होतं. लॅबमध्ये बोलावणं नव्हतं. ऊन खुर्चीवरून सरकून भिंतीवर गेलं तेव्हा त्यांनी विचारलं, 'आहेस का?'

'आहे.'

'ते त्याचं होतं. मग तुझं काय?'

'माझं काही नाही, बाबा.'

'काहीच नाही?'

'मला त्याचा हेवा वाटतो. तेवढंच आहे माझ्याजवळ. तुम्ही त्याचं नाव आधी घेता त्याचा वाटतो. त्याला कोणीतरी तोंड पुसून दिलं त्याचा वाटतो. तो उपाशी राहून हसतो आणि मी पोटभर जेवून कुढतो, त्याचा वाटतो.'

बाबा म्हणाले, 'मग हेच सांग.'

'तुम्हाला सांगितलं की.'

'मला नाही. ज्याला सांगायचं त्याला. चर्चमधली भाषा नको, आता बोललास तसंच.'

मला लाज वाटली. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, जणू त्यामुळे ऐकू येणार नव्हतं. वहिनी कामावर गेलीच नव्हती, ती स्वयंपाकघरात भांडी वाजवायची थांबली. मी उंबऱ्यावर बसल्याबसल्या बोललो. म्हटलं, मी भावाचं चोरलं. बापाचं लपवलं. तो आनंद मला हवा आहे, आणि त्याच्या आधी हवा होता. मी इतकी वर्षं दारं पुसली, मला वाटलं त्याबद्दल मिळेल. आता देण्यासारखं माझ्याजवळ काही नाही, हा हेवाच आहे, हा घे.

आकाशातून काही उतरलं नाही. तुझ्यासारखा रुमालही नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा मला असं वाटलं की मी बोलतोय आणि समोर कोणीतरी ऐकतंय, आणि जे ऐकतंय ते मला हाकलत नाहीये. मी एवढा रडलो की उचकी लागली. उचकी थांबेना, म्हणून बाबांना हसू फुटलं, बाबा हसले म्हणून मला. दोघं वेड्यासारखे हसत सुटलो. वहिनी पाण्याचा पेला घेऊन आली आणि इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलली. म्हणाली, 'प्या. आणि दाराशी बसू नका, पाय अडखळतो माझा.'

यालाच तू आनंद म्हणतोस का, मला माहीत नाही. नोकरी तशीच जाणार आहे. हेवा गेलेला नाही. सकाळी उठल्यावर पाहिलं, आहे. पण कालपासून तो एकट्याने वागवावा लागत नाही, एवढा फरक पडला आहे.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, 'तो आला तर तुला चालेल?'

मी खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. म्हटलं, 'नाही चालणार, बाबा. तो दारातून आत येईल आणि तुमचा चेहरा असा उजळेल की मला बघवणार नाही. पण त्याला बोलवा.'

'मी नाही बोलावणार,' बाबा म्हणाले. 'तू बोलव.'

म्हणून हे पत्र. बाबांकडून नाही, माझ्याकडून. पाळक म्हणतात नाताळ सहा जानेवारीपर्यंत धरतात, तेव्हा अजून नाताळच आहे. मिळेल ती गाडी पकड. दार मी उघडीन. माझं तोंड वाकडं असेल, ते मनावर घेऊ नकोस.

ये.

तुझा दादा